नरकाची वाट ग्रंथालयातून

‘हेल बेंट’ ही ली बार्डूगो यांची कादंबरी जानेवारी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ साली आलेल्या ‘नाइन्थ हाउस’चा हा पुढचा भाग. नायिका तीच, गॅलेक्सी ऊर्फ अ‍ॅलेक्स स्टर्न. ठिकाणही तेच, अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन शहर आणि तिथले येल विद्यापीठ. नरकात अडकलेल्या एका विद्यार्थ्याला परत आणायचे, या एका कामाभोवती हा दुसरा भाग रचलेला आहे. कथा भुताखेतांची, मंत्रतंत्राची आणि रक्तपाताची असली तरी तिच्यातले बहुतेक रस्ते, इमारती आणि मंडळे न्यू हेवनच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. म्हणून कादंबरीत शिरण्याआधी ते गाव आणि ते विद्यापीठ जाणून घेणे सोयीचे ठरते. बार्डूगो यांची जादू त्या जागेच्या इतिहासातून आलेली आहे: येलकडे पैसा कुठून आला, तो कोणाच्या हाती राहिला आणि त्याची झळ कोणाला बसली, हा तो इतिहास.

बार्डूगो यांचा जन्म १९७५ साली जेरुसलेममध्ये झाला आणि बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले. १९९७ साली त्यांनी येलमधून पदवी घेतली. विद्यार्थिदशेत त्या ‘वुल्फ्स हेड’ या येलमधील गुप्त मंडळाच्या सदस्य होत्या. २०१२मध्ये सुरू झालेली ‘शॅडो अँड बोन’ ही किशोरांसाठीची मालिका आणि त्याच जगात घडणारी ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) यांमुळे त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. २०२१ साली नेटफ्लिक्सवर या पुस्तकांचे रूपांतरही आले. ‘नाइन्थ हाउस’ ही मात्र त्यांची प्रौढ वाचकांसाठीची पहिली कादंबरी. आधीच्या पुस्तकांतला, झारकालीन रशियाच्या धर्तीवर रचलेला काल्पनिक देश बाजूला ठेवून त्या स्वतः शिकल्या त्या आवारात परतल्या. अशा मंडळांच्या बंद दारांआडचा परिसर त्यांनी आतून पाहिलेला आहे. त्यामुळे वर्णनांत पाहुण्याचे कुतूहल फारसे दिसत नाही. तिथे वावरलेल्या माणसाची माया आणि चीड दोन्ही दिसतात.

विद्यापीठाची सुरुवात १७०१ची. धर्मोपदेशक घडवण्यासाठी काढलेली ही छोटी शाळा १७१६ साली न्यू हेवनला आली आणि १७१८ साली तिला एलिहू येल याचे नाव मिळाले. बॉस्टनमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच इंग्लंडला गेलेला हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला आणि १६८७ ते १६९२ या काळात तिथल्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. खाजगी व्यापारातून त्याने अफाट माया जमवली आणि त्यावरूनच कंपनीने पुढे त्याला पदावरून दूर केले. शाळेला त्याने पाठवले ते ४१७ ग्रंथ, राजा पहिल्या जॉर्जचे चित्र आणि कापडचोपडाच्या नऊ गाठी. त्या मालाच्या विक्रीतून ५६२ पौंड आले आणि शाळेला नाव मिळाले.

मराठ्यांच्या इतिहासाशी या माणसाचा संबंध थेट आहे. १६८९ साली रायगडाला वेढा पडल्यावर छत्रपती राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. त्या धामधुमीत मराठ्यांना पैशांची निकड होती आणि इंग्रजांना कोरोमांडल किनाऱ्यावर आणखी एक ठाणे हवे होते. १६९० साली कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला येलच्या कारकिर्दीत इंग्रजांनी मराठ्यांकडून विकत घेतला आणि त्याचे नाव सेंट डेव्हिड ठेवले. किल्ल्याबरोबर किती मुलूख मिळणार हे ठरवण्याची रीत चमत्कारिक होती. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची गावे इंग्रजांची. इंग्रजांनी त्यासाठी मद्रासहून तोफ मागवली. त्या गोळ्याच्या टप्प्यात आलेली गावे पुढे तोफगोळ्याची गावे म्हणूनच ओळखली गेली. किल्ल्याच्या नावामागे येलचा लहानपणीच वारलेला मुलगा डेव्हिड असावा असे मानले जाते. त्या मुलाचे दफनस्थान आज मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात आहे.

येलच्याच कारकिर्दीत मद्रासहून निघणाऱ्या जहाजांवर गुलाम पाठवले जात होते. येल विद्यापीठाने स्वतःच्या इतिहासातल्या गुलामगिरीच्या वाट्याचा शोध घेऊन २०२४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि जाहीर माफी मागितली. त्याआधी, २०१७मध्ये, गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅल्हून याचे एका निवासी महाविद्यालयाला दिलेले नाव काढून गणितज्ञ ग्रेस हॉपर यांचे देण्यात आले होते. ‘हेल बेंट’मध्ये मद्रासची कथा नाही. पण एका ठिकाणचे वैभव दुसऱ्या ठिकाणच्या माणसांच्या जिवावर उभे राहते, हे त्या मालिकेचे मूळ सूत्र आहे आणि विद्यापीठाच्या नावातच त्याचा दाखला मिळतो.

न्यू हेवन हे सुमारे एक लाख चौतीस हजार वस्तीचे शहर. एकोणिसाव्या शतकात ते कारखान्यांचे गाव होते. विंचेस्टर बंदुकांचा प्रसिद्ध कारखाना इथलाच, तो २००६ साली बंद झाला. कारखाने गेले, विद्यापीठ राहिले आणि वाढत गेले. येलची गंगाजळी आज चाळीस अब्ज डॉलरच्या वर आहे, पण शैक्षणिक संस्था म्हणून तिच्या बऱ्याच मालमत्तेवर शहराला कर मिळत नाही. यावरून गाव आणि विद्यापीठ यांच्यात पिढ्यान् पिढ्या कुरबुर चालू आहे. २०२१ साली येलने पुढच्या सहा वर्षांत शहराला ५.२ कोटी डॉलर जादा देण्याचे कबूल केले, तेव्हा ती मोठी बातमी झाली. चार पावलांवर झगझगीत ग्रंथालय आणि चार पावलांवर उघडीनागडी गरिबी, असे हे गाव आहे. ‘नाइन्थ हाउस’मध्ये ज्या मुलीचा खून होतो ती टॅरा हचिन्स गावातली, विद्यापीठाबाहेरची. तिच्या मृत्यूची कोणाला फारशी पर्वा नसते, आणि नायिकेचा सगळा संताप तिथून सुरू होतो.

गावाला आणखी जुना इतिहास आहे आणि ‘हेल बेंट’मधल्या हत्याप्रकरणाला तो थेट कामी आला आहे. १६४९ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. त्याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सह्या करणाऱ्यांपैकी एडवर्ड व्हॅली आणि विल्यम गॉफ हे, राजेशाही परत आल्यावर, अमेरिकेत पळून आले. १६६१मध्ये ते न्यू हेवनला पोहोचले आणि वेस्ट रॉक डोंगरावरच्या शिळांच्या एका कपारीत लपून राहिले. तिसरा, जॉन डिक्सवेल, खोट्या नावाने गावातच राहिला आणि १६८९ साली तिथेच वारला. आज शहरातल्या तीन मोठ्या रस्त्यांना या तिघांची नावे आहेत. राजाला मारणारे न्यायाधीश, त्यांना आश्रय देणारे गाव आणि त्या आश्रयाला मिळालेला धर्माचा आधार: या गोष्टीचे धागे बार्डूगो यांनी प्राध्यापकांच्या खुनांच्या गुंत्यात विणले आहेत. अपराध्याला आसरा देणे हे पुण्य की पाप, हा प्रश्न कादंबरीभर घुमतो आणि नायिकेलाही लागू पडतो.

येलची गुप्त मंडळे हे या मालिकेचे खरे भांडवल. ‘स्कल अँड बोन्स’ १८३२ साली स्थापन झाले. संस्थापक विल्यम हंटिंग्टन रसेल आणि अल्फॉन्सो टाफ्ट. ‘स्क्रोल अँड की’ हे त्यानंतरच्या दशकातले, ‘बर्झीलियस’ १८४८चे, ‘बुक अँड स्नेक’ १८६३चे, ‘वुल्फ्स हेड’ १८८३चे. शेवटच्या वर्षाच्या मोजक्याच विद्यार्थ्यांना मंडळ निवडून घेते. स्कल अँड बोन्समध्ये दरवर्षी पंधरा जण. ज्या इमारतींत त्यांच्या बैठका होतात त्यांना येलमध्ये थडगी म्हणतात आणि दिसतातही त्या तशाच. हाय स्ट्रीटवरची स्कल अँड बोन्सची तपकिरी दगडी वास्तू म्हणजे जणू बंद तिजोरी. बुक अँड स्नेकची इमारत पांढऱ्या संगमरवरातले ग्रीक मंदिर, आणि समोर ग्रोव्ह स्ट्रीटची दफनभूमी, जिचे भव्य प्रवेशद्वार इजिप्शियन धाटणीचे आहे. स्क्रोल अँड कीची वास्तू मूरिश शैलीतली. हे सारे पाचेक मिनिटांच्या अंतरात आहे. ज्या आवारात थडग्यासारखी सभागृहे आणि देवळासारखी दफनभूमीची दारे समोरासमोर आहेत, तिथे भुतांची कथा रचायला लेखकाला फार ताणावे लागत नाही.

या मंडळांची कीर्ती सदस्यांमुळे आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट, जॉर्ज बुश पिता-पुत्र हे तिघे स्कल अँड बोन्सचे. २००४च्या निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि जॉन केरी हे दोन्ही उमेदवार त्याच मंडळाचे होते. साहजिकच दंतकथा उठल्या. अपाची नेता जेरोनिमो याची कवटी १९१८ साली सदस्यांनी थडग्यातून काढून मंडळाच्या इमारतीत आणली, ही त्यांतली सर्वांत चिवट. त्याच्या वंशजांनी २००९ साली त्यावर दावाही लावला; न्यायालयाने तो फेटाळला. दंतकथा खरी की खोटी यापेक्षा ती कोणाबद्दल आहे हे महत्त्वाचे: जिंकलेल्यांनी हरलेल्याचे डोके शोभेसाठी घरात ठेवले असेल, यावर लोकांचा सहज विश्वास बसतो. येलच्या पदवी महाविद्यालयात मुलींना १९६९पासून प्रवेश मिळू लागला, पण स्कल अँड बोन्समध्ये त्या शिरल्या त्या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, तेही जुन्या सदस्यांशी झगडा झाल्यावर. ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर येलने विसाव्या शतकात अनेक दशके छुपी मर्यादा ठेवली होती. आणि गंमत अशी की विद्यापीठाच्या मुद्रेवर पहिल्यापासून हिब्रू अक्षरे आहेत.

मालिकेत खरी आठ मंडळे जशीच्या तशी येतात, आणि प्रत्येकाच्या हाती एक विद्या दिलेली आहे. स्कल अँड बोन्सला आतड्यांवरून भविष्य वाचण्याची, स्क्रोल अँड कीला दूरच्या ठिकाणी दार उघडण्याची, बुक अँड स्नेकला मेलेल्यांना बोलावण्याची, वुल्फ्स हेडला प्राण्याचे रूप घेण्याची, मॅन्युस्क्रिप्टला आरशांची आणि भुरळ पाडण्याची, ऑरेलियनला शब्दांनी बांधून ठेवण्याची, सेंट एल्मोला वादळाची. बर्झीलियसच्या हाती जवळजवळ काहीच नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावाच्या मंडळाने विज्ञानालाच धरून राहावे, हे तर्काला धरूनच आहे. या आठांवर लक्ष ठेवणारे नववे घर म्हणजे लेथी, ग्रीक पुराणातल्या विस्मृतीच्या नदीच्या नावाचे. हे मात्र बार्डूगो यांनी कल्पिलेले. लेथीतल्या पदांची नावे दान्तेच्या महाकाव्यातून घेतलेली आहेत: नवशिक्याला ‘दान्ते’ म्हणतात, त्याच्या वाटाड्याला ‘व्हर्जिल’. संशोधन आणि घराची देखभाल ‘ऑक्युलस’कडे, पोलिसांशी संपर्क ‘सेंच्युरियन’कडे.

जादूचा वापर कशासाठी होतो, हे पहिल्या भागाच्या सुरुवातीच्या एका विधीत स्पष्ट होते. रात्रीची वेळ. मंडळाच्या तळघरात एक गरीब, मनाने आजारी माणूस गुंगीत टेबलावर आडवा आहे. त्याचे पोट उघडलेले, झगे घातलेली मुले भोवती उभी. एकजण त्याची आतडी चाचपून शेअर बाजारातल्या भावांचे अंदाज सांगतो आणि दुसरा ते लिहून घेतो. काम झाले की त्या माणसाला शिवून परत पाठवायचे. खडूने आखलेल्या वर्तुळाबाहेर भुते गर्दी करून आहेत, त्यांना आत येऊ न देणे ही अ‍ॅलेक्सची नेमून दिलेली जबाबदारी. सगळा प्रकार नेहमीचा, कार्यालयीन शिस्तीचा. बाजारात पैसा कमावण्यासाठी कोणाचे तरी पोट फाडावे लागते, आणि ते कोणाचे फाडायचे हे ठरलेले असते. मालिकेतला सर्वांत अंगावर येणारा प्रसंग कोणता असे विचारले तर अनेक राक्षसांना मागे टाकून हाच आठवतो.

भुतांना या जगात ‘ग्रे’ म्हणतात. ती गोड पदार्थ, रक्त, तीव्र भावना यांकडे ओढली जातात आणि मृत्यूची आठवण करून देणाऱ्या शब्दांना भितात. लेथीच्या इतर सदस्यांना ती पाहण्यासाठी विषारी औषध घ्यावे लागते. अ‍ॅलेक्सला लहानपणापासून ती उघड्या डोळ्यांनी दिसतात. हे वरदान तिला भोवले आहे: शाळा सुटली, मादक द्रव्यांची सवय लागली, लॉस एंजेलिसमधल्या एका खोलीत घडलेल्या हत्याकांडातून ती एकटीच जिवंत राहिली. इस्पितळात येऊन येलच्या डीनने तिला शिष्यवृत्ती दिली, कारण लेथीला तिचे डोळे हवे होते. तिची आजी एस्ट्रेआ स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशातली, लादिनो भाषेतल्या म्हणी सांगणारी. लेथीच्या लॅटिन मंत्रांच्या गर्दीत अ‍ॅलेक्सला संकटात आठवतात त्या आजीच्या म्हणी. ज्या संस्थेने अशा घरातल्या मुलांना एकेकाळी दारातून परत पाठवले असते, तिथे या म्हणी उपयोगी पडतात, यातला लेखिकेचा आनंद लपून राहत नाही.

दुसऱ्या भागाआधी पहिल्याचा शेवट ठाऊक असणे आवश्यक आहे, म्हणून तो इथे थोडक्यात. अ‍ॅलेक्सचा व्हर्जिल, डॅनियल आर्लिंग्टन ऊर्फ डार्लिंग्टन, रोझेनफेल्ड हॉलच्या तळघरात नाहीसा होतो. टॅराचा खून आणि डार्लिंग्टनचा घात या दोन्हींमागे लेथीवर देखरेख करणारा डीन सँडोच असल्याचे उघड होते. जादूसाठी लागणारे शक्तिस्थान नव्याने निर्माण करण्याच्या मोहापायी त्याने गावातल्या मुलीचा बळी दिलेला असतो. ज्यांनी पहारा ठेवायचा तेच चोर निघाले, आणि डार्लिंग्टन मेलेला नसून नरकात आहे, हे कळून पुस्तक संपते.

‘हेल बेंट’ उघडते तेव्हा अ‍ॅलेक्स दुसऱ्या वर्षात आहे. लेथीच्या वरिष्ठांनी बचावाचा नाद सोडायला बजावले आहे. तिचे आणि ऑक्युलस पामेला डॉज हिचे प्रयत्न चोरून चालतात. दरम्यान डार्लिंग्टन अर्धवट परत येतो: ‘ब्लॅक एल्म’ या त्याच्या पडक्या वडिलोपार्जित घरात, सोनेरी वर्तुळात कोंडलेला, शिंगे फुटलेला, अर्धा सैतान. त्याचा आत्मा अजून खालीच आहे. तो आणायचा तर नरकाचे दार शोधावे लागणार, आणि ते दार विद्यापीठातच आहे. स्टर्लिंग मेमोरियल ग्रंथालयाच्या बांधकामातच ती वाट दडवलेली आहे, असे कादंबरी सांगते.

स्टर्लिंग ग्रंथालयाची निवड अचूक आहे. जॉन स्टर्लिंग या वकिलाच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून ते उभे राहिले. वास्तुकार जेम्स गॅम्बल रॉजर्स, उद्‌घाटन १९३१. बाहेरून ते युरोपातले मध्ययुगीन चर्च वाटते. आत गेल्यावर उंच दालनाच्या टोकाला, जिथे चर्चमध्ये वेदी असते तिथे, पुस्तके देण्या-घेण्याचे टेबल आहे आणि त्यामागे ज्ञानदेवतेचे भव्य चित्र. भिंतींवर दगडात कोरलेल्या छोट्या आकृती आहेत: पुस्तकावर डोके टेकून झोपी गेलेला विद्यार्थी, रेडिओ ऐकणारा, दारूचा पेला हाती घेतलेला. खिडक्यांच्या रंगीत काचांची संख्या हजारांत. येलची ही सारी जुनी दिसणारी गॉथिक वास्तू बहुतांशी १९२० आणि १९३०च्या दशकांतली, म्हणजे अनेक आजीआजोबांच्या वयाची. प्राचीनतेचा आव विकत घेऊन बांधलेली ही इमारत बार्डूगो यांनी कोड्यासारखी वाचली: हा चौक कशासाठी, हे दार बंद का, ही मूर्ती कोणाकडे बोट दाखवते. सजावट म्हणून कोरलेल्या गोष्टींना त्यांनी खुणा मानले. कादंबरी वाचून स्टर्लिंगमध्ये पाऊल टाकणाऱ्याला त्या भिंती पूर्वीसारख्या दिसणे कठीण.

त्या वाटेने जायला चार यात्रेकरू लागतात आणि अट अशी की प्रत्येकाच्या हातून माणूस मेलेला असला पाहिजे. अ‍ॅलेक्स आणि डॉज यांच्याबरोबर पोलीस अधिकारी अ‍ॅबेल टर्नर आणि मंडळातला श्रीमंत, उनाड मुलगा ट्रिप हेल्मथ हे असे जमतात. बाहेर पहाऱ्याला राहते अ‍ॅलेक्सची खोलीतली मैत्रीण मर्सी झाओ. इथे कादंबरी पहिल्या भागापासून वेगळी होते. ‘नाइन्थ हाउस’ बाहेरच्या गुन्हेगाराचा शोध घेत होती. अपराधी श्रीमंत, बळी गरीब, अ‍ॅलेक्स सूड घेणारी. ‘हेल बेंट’मध्ये सोडवायला निघालेले चौघेही खुनी आहेत. खाली गेल्यावर प्रत्येकाला स्वतःचा तो क्षण पुन्हा भोगावा लागतो. त्या चार कबुल्या हा पुस्तकाचा गाभा. डॉजचा प्रसंग वाचकाला आधीच माहीत असतो तरी नव्याने हादरवतो. टर्नरचा सर्वांत अवघड आहे: कायद्याच्या बाजूने उभा असलेला कृष्णवर्णी माणूस, ज्याला आपण बरोबर होतो की चुकलो हे कधीच ठरवता आलेले नाही. कोणालाही इथे पूर्ण माफी मिळत नाही आणि कोणाला पूर्ण दोषही दिला जात नाही.

नरकाची रचना म्हणूनच महत्त्वाची आहे. दान्तेच्या नरकात पापांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, न्याय वरून येतो. बार्डूगो यांच्या नरकात माणसाला स्वतःचीच घरे, स्वतःच्याच आठवणी भेटतात आणि सैतान त्याच्या निराशेवर जगतात. डार्लिंग्टनची शिक्षाही तशीच आहे, त्याच्या जीवनभराच्या वेडातून घडलेली. तो रबरी बुटांच्या कारखानदारांच्या खानदानातला शेवटचा. आजोबांनी वाढवलेला, पैसा संपलेला, घर ढासळलेले, आणि जादू शोधण्याच्या ओढीने येलला चिकटलेला. त्याला येल आवडते. अ‍ॅलेक्सला येल टिकून राहण्यासाठी हवे आहे. कोणाच्याही मदतीशिवाय वाढलेली मुलगी खानदानी मुलासाठी नरकात उतरते, आणि त्यामागे प्रेम, ऋण आणि अपराधभावना यांचे असे मिश्रण आहे की ती स्वतःही ते वेगळे करू शकत नाही.

कथेत आणखी दोन धागे आहेत. लॉस एंजेलिसमधला मादक द्रव्यांचा व्यापारी एतान हारेल अ‍ॅलेक्सकडून जुन्या ऋणापोटी वसुलीची कामे करून घेतो. त्याच कामातून तिची गाठ लायनस रायटर या रक्तपिपासू सैतानाशी पडते. आणि येलमध्ये प्राध्यापकांचे खून होत राहतात. धागे इतके झाल्याने पुस्तकाचा मधला भाग थोडा जड होतो. नियम समजावून सांगणारी काही पाने अडखळायला लावतात, आणि रायटर जितका भयानक आहे तितकी जागा त्याला मिळत नाही. मालिकेतल्या मधल्या भागाची ही नेहमीची अडचण. पण ग्रंथालयातला दुसरा प्रवेश सुरू झाला की कथेला वेग येतो आणि शेवटपर्यंत तो ढळत नाही.

वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने ही मालिका दोन प्रवाहांच्या संगमावर आहे. शहरात, आजच्या काळात, रस्त्याच्या दिव्याखाली घडणारी अद्भुत कथा हा एक प्रवाह; एमा बुल यांची ‘वॉर फॉर द ओक्स’ (१९८७), नील गेमन यांची ‘नेव्हरव्हेअर’ (१९९६) आणि जिम बुचर यांची २०००मध्ये सुरू झालेली शिकागोच्या जादूगार-गुप्तहेराची मालिका हे त्यातले टप्पे. दुसरा प्रवाह प्रतिष्ठित महाविद्यालयातल्या काळोखाचा. त्याची मातृकृती म्हणजे डॉना टार्ट यांची ‘द सीक्रेट हिस्टरी’ (१९९२). लेव्ह ग्रॉसमन यांच्या ‘द मॅजिशियन्स’ने (२००९) महाविद्यालयीन जादूला प्रौढ निराशा जोडली, आणि आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ने (२०२२) ऑक्सफर्डच्या विद्येमागे साम्राज्य उभे असल्याचे दाखवले. ‘बेबल’ आणि ‘हेल बेंट’ एकाच काळातल्या, सारख्याच अस्वस्थतेतून लिहिलेल्या आहेत. फरक असा की क्वांग यांना संस्था मोडायची आहे, तर बार्डूगो यांची नायिका तिच्यात राहून, तिच्या चाव्या हिसकावून घेऊन जगू पाहते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर पोसलेल्या मराठी वाचकाला भय ओळखीचे वाटेल. नवे वाटेल ते भयाचे अर्थकारण, जिथे भूत दाखवण्याआधी भाव विचारला जातो.

भाषेबद्दल दोन शब्द. बार्डूगो यांचे गद्य लहान, कठोर वाक्यांचे आहे आणि विनोद काळा. अ‍ॅलेक्स शिवराळ बोलते, उपाशी माणसासारखी जेवते, परीक्षेला घाबरते. नरकाच्या तयारीबरोबरच तिला इंग्रजीचे निबंधही लिहायचे असतात. डॉजची स्वयंपाकघरातली धडपड, सूप आणि भाकऱ्यांचे वास, टर्नरचे नीटस कोट, मर्सीची रंगीबेरंगी कपड्यांची आवड, यांतून मैत्री वाढत जाते. पहिल्या भागात एकटी असलेली अ‍ॅलेक्स इथे पहिल्यांदा टोळी जमवते, आणि मालिकेतला खरा जिव्हाळा डार्लिंग्टनच्या शोधापेक्षा या जमवाजमवीत अधिक आहे.

दोन्ही कादंबऱ्या प्रौढांसाठी आहेत. लैंगिक अत्याचार, मादक द्रव्ये, लहान वयातल्या मुलीवर झालेला हल्ला आणि शरीराची चिरफाड यांची वर्णने थेट आहेत. ‘नाइन्थ हाउस’ आली तेव्हा किशोरांच्या लेखिकेकडून अशा प्रसंगांची अपेक्षा नसलेल्या वाचकांत त्यावर बराच वाद झाला. ते प्रसंग सनसनाटीसाठी नाहीत. कोणाच्या शरीराचा वापर होऊ शकतो हा मालिकेचा विषयच आहे. तरी वाचकाने हे आधी माहीत करून घेतलेले बरे. पहिला भाग न वाचता दुसरा हाती घेऊ नये, कारण ‘हेल बेंट’ मागची आठवण फारशी करून देत नाही आणि पहिल्या शंभर पानांतच तिला आधीची नावे, घरे आणि मृत माणसे लागतात. शेवट पूर्ण नाही. डार्लिंग्टनचा प्रश्न एका पातळीवर सुटतो, पण नरकाची वाट एकदा उघडल्यावर तिच्यातून कोण कोण वर आले, लेथीची सूत्रे आता कोणाच्या हाती जाणार आणि अ‍ॅलेक्सने त्या वाटेसाठी स्वतः किती किंमत मोजली, हे हिशेब पुढच्या भागासाठी खुले ठेवलेले आहेत.